आवडली, गुण पाच

इंग्रजी कविता आवडण्याची आता रीतसर पद्धत ठरलेली आहे. शीर्षकाला अर्धा गुण, कवीच्या नावाला अर्धा, यमकाला एक, अलंकाराला एक, मध्यवर्ती कल्पनेला दोन. झाले पाच. दहावीच्या पेपरात याला ‘अ‍ॅप्रिसिएशन’ म्हणतात आणि हात बसावा म्हणून काही शाळा सहावी-सातवीतच पोरांना त्याला जुंपतात. मध्यवर्ती कल्पना फळ्यावर तयार असते : कवीला निसर्ग आवडतो, आपणही निसर्गावर प्रेम करावे. कविता आगगाडीवरची असली तरी चालतं.

हा तक्ता जरा वर्ड्सवर्थच्या डॅफोडिल्सला लावून बघा. पिढ्यान्‌पिढ्या आपण ती शिकत आलो. फूल बहुधा शिकवणाऱ्यानंही पाहिलेलं नसतं. शीर्षक? १८०७ साली छापली तेव्हा कवीनं दिलंच नव्हतं, ‘डॅफोडिल्स’ मागाहून चिकटलं. गेला अर्धा गुण. कवी? त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन ओळी बायकोच्या, असं खुद्द वर्ड्सवर्थच सांगून गेलाय. मग मेरीवहिनींना पाव गुण द्यायचा का?

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. आपण ढगासारखे एकटेच भटकत होतो, असं हा गृहस्थ सुरुवातीलाच ठोकून देतो. प्रत्यक्षात १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर तलावाकाठी ती फुलं दिसली, तेव्हा धाकटी बहीण डोरोथी शेजारी चालत होती. तिनं त्या फुलांचं डायरीत झकास वर्णनही करून ठेवलं. भावाच्या कवितेत बहीण गायब!

हे सातवीच्या वर्गात सांगून तर बघा. घरात भाऊ-बहीण असलेलं प्रत्येक पोर उठून बोलेल. ‘सर, तो खोटं का बोलला?’ कुणी डोरोथीची बाजू घेईल, कुणी म्हणेल, कवितेत एवढं चालतं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, भांडतील. साहित्याचा तास सुरू होतो तो इथे. पण या भांडणाला तक्त्यात रकाना नाही. सर-बाई तरी काय करणार? वह्यांचा ढीग, संपवायचा पोर्शन आणि वर मतदारयाद्यांचं काम.

फुलं पाहिल्यावर कविता लिहायला वर्ड्सवर्थनं किमान दोन वर्षं घेतली. सातवीतल्या पोराला रसग्रहणासाठी जेमतेम दहा मिनिटं मिळतात आणि त्यातच समासही आखायचा असतो.