होडीत दिवे कसे लावावेत

जुनी मोटरबोट घेणाऱ्याला घरची माणसं 'काय दिवे लावलेत?' असं विचारतातच. त्या प्रश्नाला तोंड देता यावं, एवढाच या मार्गदर्शनाचा हेतू. आमची होडी फायबरची, 18 फुटी, आउटबोर्ड इंजिनाची. रेवदंड्याच्या खाडीत असते. विकणाऱ्याने सौद्यासाठी भर दुपारी बाराची वेळ का दिली, हे पहिल्या सूर्यास्ताला कळलं.

आधी नियम. समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 साली ठरले आणि 1977 मध्ये लागू झाले. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, आणि 12 मीटरच्या आतल्या इंजिनाच्या होडीला चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा चालतो. होडी 7 मीटरच्या आतली आणि तिचा कमाल वेग 7 नॉटच्या वर जात नसेल, तर नुसत्या पांढऱ्यावर भागतं. जमल्यास लाल-हिरवाही लावावा. धक्क्यावर पंचवीस नॉटच्या गप्पा मारणारे मालक हे कलम ऐकताच कमालीचे नम्र होतात.

माणसांत डावं-उजवं करू नये, दिव्यांत करावंच लागतं. तेही नाळेकडे तोंड करून, वल्हवायला बसल्यासारखं पाठमोरं नव्हे. आडव्या येणाऱ्या होडीवाल्याला आपला लाल दिसला तर वाट त्याने द्यायची. हिरवा दिसला तर आपण. दिवे उलटे लागले की ज्याने थांबायचं तो बिनधास्त येतो, आणि आपणही.

आता उत्खनन. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून स्विचबोर्ड उघडावा. वरच्या थरात चिकटपट्टी सापडते, त्याखाली दारावरच्या घंटीची वायर, त्याखाली स्पीकरची, आणि तळाशी मूळ वायरिंगचे अवशेष. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. प्रत्येक थर त्या त्या मालकाने 'तात्पुरता' घातलेला असतो. तात्पुरतं हे आमच्याकडचं सर्वांत टिकाऊ बांधकाम. यात आपला आणखी एक थर चढवण्याचा मोह होईल. तो आवरून सगळं उपटून टाकावं.

कारण खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं, आणि ते आवरणाच्या आतून चढत जातं. टोक छाटून पाहा, आत काळंच. आणखी वीतभर छाटा, तरी काळंच. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात आजी आमटी कळकू देत नसे. तारेलाही तोच न्याय: कथिल चढवलेली, बारीक पदरांची तार मागावी. दुकानदार 'तसली येत नाही' म्हणत घरातली एकपदरी वायर पुढे करील. ती घेऊ नये. इंजिनाच्या थरथरीने ती तुटते, आणि तुटते ती अंधारातच.

तारेची जाडी बेताची घेऊन चालत नाही. 10 वॉटच्या दिव्याला 12 व्होल्टवर पुरता एक अँपिअरही लागत नाही, पण बारीक तारेत व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. जाऊन-येऊन घट 3 टक्क्यांच्या आत ठेवावी, म्हणजे जेमतेम 0.36 व्होल्ट. त्याहून अधिक झाली तर दिवा लागतो, पण देव्हाऱ्यातल्या निरांजनाइतका. समोरून येणाऱ्या ट्रॉलरच्या तांडेलाने हात जोडावेत अशी आपली अपेक्षा नसते.

'जाऊन-येऊन' हे शब्द महत्त्वाचे. आम्ही रिक्षांची वायरिंग करणारा एक मिस्त्री आणला होता. त्याने प्रत्येक दिव्याला एकेकच तार ओढली. दुसरी कुठाय विचारल्यावर म्हणाला, "बॉडीला अर्थ मारू ना, साहेब." मग हातात स्क्रू घेऊन तो अर्धा तास फायबरच्या होडीत लोखंड शोधत होता. शेवटी त्याने समुद्राकडे पाहिलं. तेव्हा आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलं.

जोड पिळून चिकटपट्टी लावू नये. क्रिम्प करावा, वर आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी नळी चढवावी. फ्यूज बॅटरीला शक्य तितका जवळ. दिव्याकडून आत येणाऱ्या तारेला आधी खाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकतं, जोडात शिरत नाही. एलईडी लावणार असाल तर प्लस-मायनस बघा. उलटा जोडलेला एलईडी रुसून बसतो.

एव्हाना धक्क्यावर सल्लागारांची सभा भरलेली असते. तिला एक काम द्यावं: अंधार पडल्यावर दुसऱ्या होडीतून समोर जाऊन दिवे पाहून येणं. आपले दिवे आपल्याला होडीत बसून नीट दिसत नाहीत. आमचे पाहून आलेले काका म्हणाले, "झकास! डावीकडे हिरवागार." समोरून पाहणाऱ्याची डावी म्हणजे आपली उजवी, हे पटायला आम्हाला तीन कप चहा लागला. दिवे बरोबर होते.

या गडबडीत आमचा पिवळा मल्टिमीटर धक्क्यावरून कुणीतरी 'तात्पुरता' नेला आहे. ज्यांनी नेला असेल त्यांनी आणून द्यावा. चौकशी केली जाणार नाही.