भिंडी चोराच्या बायकोचं पत्र
जयपूर, मालवीय नगर

ती. आईस,

पार्सल पोचलं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत लिहून घेते. बाबांना आधी सांग, माझी नोकरी शाबूत आहे. मी पाठवलेल्या फोटोत माती उकरतेय ती हौसेनं. कॉलनीच्या पार्कातला एक कोपरा विकास समितीनं भाजीला दिलाय.

पण समितीचा नियम ऐक! लावायची कुणीही, तोडायची मात्र रविवारी सकाळी सातला, सेक्रेटरींसमोर, वाटणी घरटी सारखी. भेंडीला रविवार कळतो का? बुधवारची कोवळी रविवारी सुरीला दाद देत नाही. ह्यांनी मंगळवारी हळूच दोन तोडल्या, तर संध्याकाळी ग्रुपवर फोटो: ‘भिंडी चोर’. शिक्षा काय, तर आठवडाभर बादलीनं पाणी घालणं. पाइप लावायचा नाही, कारण पाणी पार बिसलपूरच्या धरणातून येतं.

बाजाराचं तर विचारूच नकोस. वाळलेली सांगरी हजाराच्या वर किलो! सांगरी म्हणजे शमीच्या शेंगा गं. आपण दसऱ्याला पूजा करतो नि घरी येऊन श्रीखंड खातो.

बाबांना हेही वाचून दाखव: अमेरिकेत डेन्व्हरला 291 जणांवर रीतसर प्रयोग झाला, 2023 मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये छापून आला. सामूहिक बागेत वाफा मिळालेल्यांची हालचाल इतरांपेक्षा रोज पाच-सहा मिनिटांनी वाढली, आहारातला चोथा दीडेक ग्रॅमनं वाढला, ताण उतरला. पाच-सहा मिनिटं बाबांना चपला शोधायलाच लागतात, तेव्हा जमेल त्यांना.

माझा ताण मात्र वरच्या काकींमुळे उतरला. पहिलं वर्ष लिफ्टमधल्या ‘नमस्ते’वर काढलं. मग माझं पडवळ बघून त्या ‘साँप!’ म्हणून किंचाळल्या, तेव्हापासून काचरीची चटणी येते, पडवळ जातं.

सुमीमावशीच्या सुनेनं गच्चीवर टब आणलाय म्हणे. त्यात पोहण्यापेक्षा पालापाचोळा कुजवून मेथी लाव म्हणावं. पालापाचोळ्यावर गच्चीत शेती करायला शिकवणारे प्रयोग परिवाराचे दाभोळकर आपल्या कोल्हापूरचेच, गावाचं नाव तरी राखा.

तुझ्या पार्सलातली मसाल्याची बरणी उघडली नि तशीच बसून राहिले. ह्यांना सांगितलं, तिखट गेलं डोळ्यांत. त्यांनी न बोलता पावट्याचं बी भिजत घातलं.

पुढच्या पार्सलात अंबाडीचं बी घाल. आणि बंडूच्या साखरपुड्यात आत्या कशावरून रुसली ते फोनवर अर्धवट सांगू नकोस, सविस्तर लिही.

तुझी,
शकू