मोटारीचे अद्वैत

मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाल्यापासून, ज्या मुंबईकरास पूर्वी पावसाळ्यात गेटवेच्या लाँची बंद पडताच पेण-वडखळचा वळसा घालणे भाग पडे, तो आता तासाभरात मोटारीसह मांडव्यास उतरतो आणि आपण केवळ समुद्र ओलांडला, ऋतू नव्हे, अशा गोड समजुतीत वेगाचा लगाम सैल सोडतो. ईरी सरोवराची वाफ उचलून वारा अमेरिकेतील बफेलो शहरावर हिमाचे ढीग ओततो, तेव्हा नवागताने गाडी घरीच ठेवावी, हा तेथील व्यवहार; येथे अरबी समुद्राची वाफ घेऊन नैर्ऋत्येचा वारा तीच सरबराई जलरूपाने करतो, परंतु त्याची वर्दी दिलेली या मोटारवाल्या साहेबांच्या इतमामास मानवत नाही. मग मांडव्यापुढे चोंढी गावाच्या वाटेवर रस्ता, गटार आणि भातखाचर यांतील भेद लोपला, की जे अद्वैत वेदान्ताच्या ग्रंथांनी शिकवले नाही ते त्यांना एका खड्ड्यात साक्षात होते. आणि वस्तुतः थांबलेल्या गाडीसाठी असलेले चारी इशारादिवे लुकलुकवीत ते पुढे सरकतात, त्यामुळे ते वळणार आहेत की प्रार्थना करीत आहेत, याचा उलगडा मागच्यास होत नाही. वाचकहो, दिव्यांचा झोत खाली ठेवावा, पुढील एसटीपासून अंतर राखावे, आणि पाण्याचा ठाव ठाऊक नसेल तर गावकऱ्याची रिक्षा निमूटपणे पुढे जाऊ द्यावी.