नववी की बाविसावी?

नात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला. आबा वर्ध्यातले निवृत्त गणित शिक्षक. टर्मिनलचे गुण कळले तशी फोनवर उलटतपासणी सुरू झाली.

"ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, तिन्हींत सरासरीपेक्षा 8-8 गुण जास्त. कळलं. पण नंबर कितवा?"

"नंबर लावलेच नाहीत, आबा."

गुण आहेत आणि नंबर नाही, म्हणजे लग्नपत्रिका आहे आणि मुहूर्त नाही! आबांनी वही काढली. वर्ग शंभराचा. नातीने मैत्रिणींकडून मिळवलेले प्रमाण विचलन प्रत्येक विषयात 10. तिन्ही विषय मिळून नात सरासरीच्या 24 गुण वर.

आबांनी आधी धरले की एका विषयातल्या हुशारीचा दुसऱ्याशी संबंध नाही. मग विचलनांच्या वर्गांची बेरीज 300, तिचे वर्गमूळ 17.3. गुण घंटेच्या आकारात पसरलेले मानले, तर नातीच्या पुढे जेमतेम आठ जण. नात नववी! गोरसपाकाचा डबा खाली आला.

दुसरा घास घेण्याआधी आबांतला मास्तर जागा झाला. समजा, तीच ती मुले तिन्ही विषयांत पुढे असली तर? मग विचलनांची सरळ बेरीज, 30. पुढे एकवीस जण. नात बाविसावी. आजीने न बोलता डब्याचे झाकण लावले.

मधला मार्ग म्हणून आबांनी सहसंबंध 0.5 धरला. विचलन 24.5, नात सतरावी. गुण तेच, नात तीच. ॲनाटॉमीतला पहिला बायोकेमिस्ट्रीत गटांगळ्या खातो की तिथेही पहिलाच येतो, यावर सगळे अवलंबून. आणि नेमके तेच विषयवार सरासरीत दिसत नाही. हुशारी वाटली गेली असेल, तर सगळीकडे बऱ्यापैकी असणारी पोर एकूण बेरजेत वर सरकते.

हे सगळे चालले होते ते वर्ध्यात. ऑक्टोबर 1937 मध्ये याच गावच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, आणि झाकिर हुसेन समितीने वेळापत्रकात मूलोद्योगाला रोज 3 तास 20 मिनिटे दिली. नातीचे वैद्यकीय महाविद्यालय 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी काढले, तेही खादी आणि सेवाग्राम आश्रमातल्या शिबिरासकट. देशभरच्या गुणवत्ता यादीतला आपला क्रमांक तोंडपाठ असलेली मुले तिथे येतात आणि पहिल्याच पंधरवड्यात आश्रमात झाडू मारतात, सूत कातायला बसतात. आबांनी नातीला त्या शिबिराबद्दलही विचारले होते: "सगळ्यात जास्त सूत कोणाचं निघालं?"

रात्री आजीने आर्वीच्या बहिणीला फोन लावला. "पोरगी पहिल्या पंचविसात आहे वो," एवढेच ती म्हणाली. आबांनी वही तपासली. तिन्ही हिशेबांत टिकणारे विधान घरात एवढे एकच झाले होते.

पलीकडून आवाज आला, "मंग पंचविसात कितवी?"