पाकीटवाचक अण्णा

आमच्या सोसायटीतले अण्णा कुठलंही पाकीट हातात आलं की आधी उलटं करतात. चष्मा कपाळावर, पाकीट नाकाशी. बारीक अक्षरांत एखादं न समजणारं नाव सापडलं की निकाल लागला, "केमिकल!"

टेट्रापॅकमधलं दूध त्यांच्या लेखी दूधच नव्हे. "फ्रिजबाहेर महिनोन् महिने टिकतं, म्हणजे औषध मारलेलंच!" ते १३५ अंशांच्या पुढे दोन-चार सेकंद तापवून निर्जंतुक पाकिटात बंद करतात, म्हणून औषध लागतच नाही, असं मी सांगून पाहिलं. "एवढं तापवल्यावर त्यात राहिलं काय?" अण्णांनी विचारलं. तेव्हा आत गॅसवर त्यांच्या म्हशीच्या दुधाला तिसरी उकळी येत होती.

पण खरं वैर किरणांशी. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून लासलगावच्या केंद्रात त्यावर गॅमा किरण सोडतात, हे कळल्यापासून अण्णा कांदा निवडत नाहीत, त्याची झडती घेतात. किरण कांद्यातून आरपार जातात, आत मुक्काम करत नाहीत, हे त्यांना पटत नाही. मात्र गुडघा दुखला की डॉक्टरांना स्वतःच सुचवतात, "एक्स-रे एकच? दुसऱ्या बाजूनंही काढा की!"

२००७ साली हापूसला अमेरिकेचं दार उघडलं, ते याच गॅमा किरणांमुळे. न्यू जर्सीतल्या लेकीनं हापूस खाल्ल्याचा फोटो अण्णांनी अख्ख्या सोसायटीला दाखवला. किरणांची आठवण करून दिली, तर म्हणाले, "निर्यातीचं वेगळं असतं." स्वतः मात्र ते हातगाडीवरचाच आंबा घेतात. तो बंदी असलेल्या कार्बाइडनं पिकवलेला असेल, ही शंका त्यांना शिवत नाही. गाडीवर वाचायला काही नसतं ना!

एकादशीला अण्णा साबुदाण्याची खिचडी खातात. दक्षिण अमेरिकेतून आलेला कंद, सेलमच्या कारखान्यांत किसून, सत्त्व काढून, गोळ्या करून भाजलेला. त्यात मिरची, बटाटा आणि शेंगदाणाही अमेरिका खंडांतूनच आलेला. अण्णा ढेकर देऊन म्हणतात, "आपलं सात्त्विक!"

तेव्हा अन्नतंत्रज्ञांनी अण्णांशी वाद घालू नये. किरणांचा कांदा साठ-सत्तर वर्षं बाजारात टिकवावा. पुढच्या एखाद्या तंत्राला नावं ठेवताना अण्णांचा नातूच म्हणेल, "खरा कांदा म्हणजे आमच्या आजोबांच्या वेळचा, किरणांचा!"