सतरा सेंटिमीटरची युद्धनौका : नवशिक्यांसाठी संपूर्ण मार्गदर्शक

प्लास्टिकची युद्धनौका बांधण्याचा निर्णय घेतल्याबद्दल अभिनंदन. या छंदासाठी तीन गोष्टी लागतात : दोन हात, एक टेबल आणि त्या टेबलावर जेवायचा आग्रह न धरणारं कुटुंब. तिसरी गोष्ट बाजारात मिळत नाही, ती आधीच असावी लागते.

जहाजाची निवड

नवशिक्याची नजर आधी जपानच्या ‘यामातो’वर जाते. २६३ मीटरची ती महाकाय नौका १:७०० या प्रमाणात साडेसदतीस सेंटिमीटर भरते आणि तिच्यावर विमानविरोधी तोफा इतक्या आहेत, की त्या चिकटवताना माणसाला शांततावादाचं महत्त्व पटतं. म्हणून ‘युकिकाझे’ ही विनाशिका घ्यावी. लांबी जेमतेम १७ सेंटिमीटर. कागेरो वर्गाच्या १९ विनाशिकांपैकी दुसऱ्या महायुद्धातून ही एकटीच वाचली. अमेरिकी नौदलाला जी बुडवता आली नाही ती आपल्यालाही बुडवता येणार नाही, असा या निवडीमागचा भाबडा तर्क आहे.

खोका उघडल्यावर जहाजाला पोट नाही असं लक्षात येईल. तक्रार करू नये. जपानमधल्या शिझुओका प्रांतातल्या तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी १९७१ मध्ये ‘वॉटरलाइन’ मालिका सुरू केली आणि अख्खं आरमार आपसात वाटून घेतलं. यातली जहाजं पाण्याच्या रेषेवर सपाट कापलेली असतात, म्हणजे शेल्फ हाच समुद्र. ‘हे पाण्यात तरंगतं का?’ असं प्रत्येक पाहुणा विचारेल. ‘नाही’ एवढंच सांगावं. समजावत बसल्यास पाहुणा प्रयोग करायला बादली मागतो.

साहित्य

निपर, टोकदार चिमटा, धारदार कटर, बारीक पॉलिश पेपर, रंग, ब्रश आणि प्लास्टिकचं सिमेंट. निपरऐवजी नेलकटर चालतो का? चालतो, पण त्यानंतर तो नखांना चालत नाही. हे सिमेंट चिकटवत नाही, दोन्ही बाजूंचं प्लास्टिक किंचित विरघळवून एकजीव करतं. त्यामुळे ओल्या सिमेंटवर बोट पडलं, तर आपला ठसा जपानी नौदलाच्या डेकवर कायमचा नोंदला जातो.

पायरी १ : निर्णय

सूचनापत्रकात आकृत्या आणि बाण असतात. उरलेला मजकूर जपानी असल्याने वाद घालता येत नाही. पहिला प्रश्न मात्र गंभीर आहे : जहाज कोणत्या वर्षीचं? १९४० ची युकिकाझे हवी असेल, तर १२.७ सेंटिमीटरच्या जोडतोफांचे तीन बुरूज लावा. १९४५ ची हवी असेल, तर दोनच, कारण युद्धाच्या उत्तरार्धात मागच्या दोहोंपैकी एक काढून तिथे २५ मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफा बसवल्या. हे सिमेंट लावण्याआधी ठरवायचं असतं. सहसा नंतर आठवतं.

पायरी २ : आंघोळ

साच्यातून निघालेल्या भागांवर तेलकट थर असतो, त्यावर रंग धरत नाही. सगळे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिच्यासकट ते भांड्यांच्या साबणाने धुवावेत. बेसिनला जाळी लावावी. ज्यांनी लावली नाही त्यांचे नांगर आता शहराच्या सांडपाणी व्यवस्थेत आहेत.

पायरी ३ : उड्डाण

सुटा भाग चिमट्यात धरा. सैल धरला तर पडतो, घट्ट धरला तर उडतो. खऱ्या युकिकाझेचा कमाल वेग सुमारे ३५ नॉट होता. चिमट्यातून सुटलेली तिची तोफ हा विक्रम सहज मोडते. शोधण्याची शास्त्रोक्त पद्धत अशी : दिवे घालवा, टॉर्च फरशीवर आडवा ठेवा. तिरप्या उजेडात बारीकशा कणाचीही लांब सावली पडते. त्या दिवशी केर काढायला येणाऱ्या मावशींना नम्रपणे सुट्टी द्यावी.

तरीही तोफा सापडल्या नाहीत तर घाबरू नये. शरणागतीनंतर युकिकाझेच्या तोफा उतरवल्या आणि १९४६ मध्ये तिने परदेशांत अडकलेल्या जपान्यांना मायदेशी आणण्याच्या फेऱ्या केल्या. आपलं मॉडेल त्याच काळातलं आहे, असं ठामपणे सांगावं. फरशीने घेतलेले निर्णय इतिहासाच्या आधारे मांडता येणं, ही या छंदातली सर्वांत उपयुक्त कला आहे.

पायरी ४ : गणित

सातशेने भागायची सवय लावून घ्या. पावणेदोन मीटर उंचीचा खलाशी अडीच मिलिमीटरचा होतो. एक मीटर उंचीचा कठडा १.४ मिलिमीटरचा. २५ मिलिमीटर तोफेच्या नळीचं छिद्र ०.०३६ मिलिमीटर, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही बारीक. साहजिकच किटमधल्या नळ्या प्रमाणापेक्षा कितीतरी जाड असतात. हे जाणकारांना खटकतं, मग ते कठडे आणि तोफा पितळी पत्र्यातून कोरलेल्या घेतात. त्या किटइतक्याच महाग पडू शकतात. पितळेला प्लास्टिकचं सिमेंट धरत नाही, तिथे फेविक्विक लागतं. सुईच्या टोकावर येईल तेवढाच थेंब घ्यावा. बाटलीतून थेट लावल्यास कठडा, चिमटा आणि अंगठा अशी नवीच रचना तयार होते.

पायरी ५ : रंग

‘करडा’ म्हणून भागत नाही. कुरे, सासेबो आणि मायझुरू इथल्या नौदल गोद्यांचे करडे वेगळे होते आणि त्यांच्या वेगळ्या बाटल्या विकत मिळतात. युकिकाझे सासेबोला बांधली, पण कोणत्या साली कुठल्या गोदीत तिला रंग दिला यावर जाणकार रात्र जागवू शकतात. ट्यूबलाइटखाली तिन्ही सारखेच दिसतात, हे त्यांच्यासमोर बोलू नये. डेकवर तपकिरी लिनोलियम होतं, पितळी पट्ट्यांनी दाबलेलं. मॉडेलवर त्या पट्ट्या उठावदार रेघा म्हणून येतात. प्रत्येक रेघ पितळी रंगवायची असते. पाहणाऱ्याला त्या दिसत नाहीत, म्हणूनच त्या पूर्ण करणाऱ्याला मान आहे.

पायरी ६ : तारा

उरलेली चौकट फेकू नका. तिचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता, मऊ होऊ द्या. मग ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही टोकं सावकाश ओढा, साखरेच्या पाकासारखी तार सुटते. डोलकाठीवरच्या तारा अशाच होतात. खिडकी उघडी आणि पंखा बंद असावा.

किती वेळ लागेल?

खऱ्या युकिकाझेची बांधणी २ ऑगस्ट १९३८ ला सुरू झाली आणि २० जानेवारी १९४० ला ती नौदलात दाखल झाली. म्हणजे दीड वर्षही नाही. तुम्ही सासेबोशी स्पर्धा करू नका. त्यांच्याकडे शेकडो कामगार होते आणि संध्याकाळी कुणी ‘टेबल कधी रिकामं होणार?’ असं विचारत नव्हतं. सातशेचा भागाकार फक्त जहाजाला लागू आहे. मेहनत, खर्च आणि घरातली बोलणी मूळ आकारातच मिळतात.

शेवटचा नियम : हातातली विनाशिका पूर्ण झाल्याशिवाय दुसरा खोका घरी आणू नये. आणलाच, तर तो कपाटात कुणाच्या साड्यांमागे ठेवायचा, ते आधी ठरवून घ्या.