पोट्ट्याचा हमीभाव

झिरो बजेट शेतीचा मंत्र देशाला देणारे सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शेती खरंच झिरो बजेट होते का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पण लेकराचं फोटोशूट झिरो बजेट होतं, याबद्दल अकोल्याच्या जठारपेठेपासून अमरावतीच्या साईनगरापर्यंत एकाही सूनबाईला शंका नाही. चादर घरची, मोबाइल घरचा, उजेड देवाचा आणि पोट्टं तर घरचंच!

पद्धत सोपी. महिना भरला की पोट्टं चादरीवर निजवायचं, शेजारी महिन्याचा आकडा मांडायचा आणि स्टुलावर चढून वरून फोटो काढायचा. माल सगळा वऱ्हाडी. पहिल्या महिन्याला कापसाचे ढग, पुढे तुरीच्या डाळीचा आकडा, वरूड-मोर्शीचा संत्रा आला की पोट्टं बागायतदार. शिवजयंतीला काजळाची मिशी, गोकुळाष्टमीला मोरपीस. वर्षभरात ते सगळं काही होऊन घेतं, फक्त पोट्टं व्हायचं तेवढं राहून जातं.

यात कापसाची मात्र चांदी झाली. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. इथे ओलावा पोट्टं स्वतः पुरवतं आणि तरी ढग नापास होत नाहीत.

"काऊन वं, तुरीची दाळ चादरीवर काऊन सांडवली?" आजी विचारते.

"सांडवली नाही आई, सहा काढला."

"सहा? मले तं नऊ दिसून राह्यला."

"तुम्ही तिकडून पाहून राह्यल्या ना!"

आता खर्चाचं बोलू. शेतमालाचा खर्च मोजायच्या तीन रीती वऱ्हाडात पारावरच्या म्हाताऱ्यालाही पाठ आहेत. खिशातून गेलेला पैसा म्हणजे ए-२. त्यात घरच्यांची मजुरी धरली की ए-२ अधिक एफएल. वर स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याज चढवलं की सी-२. सरकार दुसऱ्या आकड्याच्या दीडपट हमीभाव देतं, शेतकरी स्वामिनाथन आयोगाचं नाव घेऊन तिसऱ्याच्या दीडपट मागतो. घरच्यांची मजुरी, घरची जमीन यांना मोल नाही काय, हा त्याचा सवाल अगदी रास्त. पण हाच शेतकरी घरी येऊन नातवाच्या फोटोचा हिशेब मुकाट ए-२ वर करतो आणि शेजाऱ्याला सांगतो, "एक रुपया नाही लागला, बाप्पा!"

मग एफएल कोण धरणार? आजी स्टुलामागे उभी राहून खुळखुळा वाजवते. आजोबा दारात स्टीलची परात धरून ऊन पोट्ट्यावर वळवतात; हात थरथरला की तिरीप थेट डोळ्यांत. काका स्टूल धरतो. फोटो झाला की सूनबाई आकडा मोडून डाळ पुन्हा निवडते, धुते आणि त्याच दुपारी वरण करते. सी-२ धरायचं, तर बैठकीच्या खोलीचं भाडं आणि मोबाइलचा हप्ताही आला. आणि वेळेचं म्हणाल, तर अमरावती-अकोला महामार्गाची ७५ किलोमीटरची एक लेन जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाली आणि गिनीजने नोंद घेतली. पोट्टं त्याहून कमी वेळात कॅमेऱ्याकडे पाहून हसलं, तर तीही नोंद पाठवायला हरकत नाही.

सगळ्यात जास्त राबतं ते पोट्टंच. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालमजुरीचा कायदा म्हणतो की, लेकराने घरच्या धंद्याला हातभार लावला तर चालेल, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. हा कामगार तर अजून शाळेतच गेलेला नाही! कामाची वेळ कोणती, याचा खुलासा कायद्यात सापडत नाही.

खरंच फुकट फोटो हवा असेल तर तोही निघतो. सकाळी आठच्या सुमारास पोट्टं ओसरीच्या दाराजवळ सोडावं. ऊन कडक असेल तर दारावर आजोबांचं पांढरं धोतर टांगावं, उजेड मऊ होतो. आपण जमिनीवर बसून मोबाइल त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणावा आणि ते वाटी आपटत असताना बटण दाबावं. खुळखुळा नको, परात नको, स्टूल धरायला काका नको. पण त्यात शेंबूड दिसतो आणि मागे वाळत घातलेले लंगोट दिसतात. स्टेटसच्या बाजारात असला माल 'नॉन-एफएक्यू', म्हणजे कमी प्रतीचा, म्हणून परत येतो.

तेव्हा पोट्ट्याच्या वतीने मागणी एकच: सी-२ अधिक पन्नास टक्के. रोख नको, दूध वेळेवर, झोप दीडपट, आणि मिशी वयात आल्यावर. मागणी मान्य होईस्तोवर आंदोलन सुरू राहील. ठिकाण, कापसाचे ढग. स्वरूप, ओलं.